शिवडीला उतरलेली माणसं

रविवारी सकाळी हार्बर लोकलमधून शिवडीला उतरणाऱ्या माणसांचे दोन गट पडतात. गळ्यात दुर्बीण असलेले आणि नसलेले. दुर्बीणवाले पूर्वेला वळतात. तिकडं जेट्टीजवळच्या चिखलात थंडीत फ्लेमिंगो येऊन उभे राहतात आणि पावसाची चाहूल लागली की निघून जातात. मी पश्चिमेला वळते. मागं एकदा डब्यात शेजारी बसलेल्या उत्साही मुलीनं विचारलं होतं, "तुम्ही पण फ्लेमिंगो?" मी म्हटलं, "नाही, मी कबरी." पुढची दोन स्टेशनं ती खिडकीबाहेर बघत बसली.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझं कुणी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तिथं भेटणारा प्रत्येक जण पहिला हाच प्रश्न विचारतो. आमच्या घरात माणूस गेला की तेराव्या दिवसापर्यंत सगळं आटोपतं. अस्थी नाशिकला, फोटो भिंतीवर, आणि मग वर्षातून एकदा पान. गेलेला माणूस नेमका कुठं आहे, या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नाही आणि ते असावं असं कुणाला वाटतही नाही. त्यामुळं मेल्यावरही एखाद्याचा पत्ता शंभर-सव्वाशे वर्षं तोच राहतो, याचं मला पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा फार नवल वाटलं. गेल्या गेल्या माणूस जागेवर सापडतो. मुंबईत जिवंत माणसाच्या बाबतीत तरी ही खात्री कुठं आहे?

या नादाला मी लागले ती ऑफिसच्या वाटेवर. ऑफिस फोर्टात, आणि रोजची वाट रिगल सिनेमाच्या चौकातून. इंग्रजांची मुंबईतली पहिली दफनभूमी या चौकाच्याच आसपास होती. मेंडॅम्स पॉइंट म्हणत त्या जागेला. तिथं पहिला जो पुरला गेला त्याच्या आडनावावरून, असं सांगतात. तेव्हा कंपनीचे कारकून, सैनिक, पाद्री जहाजातून उतरत आणि बघता बघता आडवे होत. ओव्हिंग्टन नावाचा एक पाद्री १६९० च्या सुमारास इकडं येऊन गेला. त्यानं इथल्या गोऱ्यांत चालणारी एक म्हण टिपून ठेवली आहे: दोन पावसाळे हे माणसाचं आयुष्य. आपल्याकडं वडीलधारी माणसं "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" म्हणून ऐट करतात. त्या बिचाऱ्यांच्या हिशेबात चार पावसाळे म्हणजे दोन जन्म.

पुढं मेंडॅम्स पॉइंट बंद झाला आणि गोऱ्यांची मढी सोनापूरला, मरीन लाइन्सकडं जाऊ लागली. सोनापूर! जुन्या मुंबईकराच्या तोंडी हे गावाचं नाव राहिलंच नाही. "सोनापूरला पोचला" म्हटलं की विषय संपला. शहर वाढलं, सोनापूरच्या भोवती वस्ती दाटली, आणि नवी जागा शोधायची वेळ आली. ती शोधली आर्थर क्रॉफर्डनं. पालिकेचा पहिला आयुक्त तो, क्रॉफर्ड मार्केटवाला. शिवडीला फळाफुलांची लागवड करणाऱ्या एका संस्थेची बाग होती. ती जागा दफनभूमीला मिळाली आणि बागेचा संसार भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. १८६७ साली शिवडीची दफनभूमी सुरू झाली. आजही आत शिरल्यावर स्मशानापेक्षा जुन्या बागेत आल्यासारखं वाटतं, ते उगीच नाही.

क्रॉफर्डची पुढची हकिगत मजेशीर आहे. १८८८ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचं प्रकरण शेकलं. मामलेदारांनी त्याला पैसे चारल्याची कबुली दिली, आणि त्या मामलेदारांच्या बाजूनं टिळक हिरिरीनं उभे राहिले. क्रॉफर्डची नोकरी गेली आणि तो इंग्लंडला परतला. इतक्या लोकांची कायमची सोय लावून स्वतः मात्र निघून गेला.

शिवडीला जायचं तर सीएसएमटीहून गाडी पकडायची. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. या सहांतली दोन स्टेशनं मुंबईच्या दोन गव्हर्नरांच्या नावची. लॉर्ड रे आणि लॉर्ड सँडहर्स्ट दोघंही पाचेक वर्षांची मुदत भरून सामानसुमान बांधून परत गेले. यांतल्या सँडहर्स्ट रोडचं नाव बदलायचा ठराव २०२४ मध्ये विधिमंडळात झाला, ते असो. माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट घोळते. जे परत गेले त्यांची नावं स्टेशनांना लागली. जो परत गेला नाही, त्यानं ही गाडी सुटते ते अख्खं स्टेशन बांधलं, आणि त्याचं नाव डब्यातल्या एकीलाही सांगता येणार नाही. तो इथं शिवडीत आहे.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडातल्या बाथ गावचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी घेऊन १८६७ मध्ये, म्हणजे दफनभूमी सुरू झाली त्याच वर्षी, विशीचा असताना तो हिंदुस्थानात आला. शिवडीत त्याची जागा तेव्हापासूनच धरून ठेवलेली होती म्हणायची. आधी पुण्याला होता, मग मुंबईत. त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे खलाशांसाठी बांधलेलं सेलर्स होम. ते १८७६ मध्ये पुरं झालं. पुढं तिथं विधिमंडळ भरलं, आणि आता राज्याच्या पोलिस महासंचालकांचं कार्यालय आहे. ही इमारत रिगलच्या चौकात उभी आहे, त्याच मेंडॅम्स पॉइंटच्या शेजारी. रिगल सिनेमा बांधला स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्सनं, १९३३ मध्ये. त्याच चौकात तिसरी मोठी इमारत म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची. ती ज्यानं बांधली तोही शिवडीतच आहे, त्याच्याकडं येतेच. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी मी चौकात सिग्नल सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही थोडा वेळ उभीच होते. टॅक्सीवाल्यानं शिवी दिली, ती रास्तच होती.

व्हीटीचं, म्हणजे आजच्या सीएसएमटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. त्याआधी स्टीव्हन्स दहा महिने युरोपातली स्टेशनं बघत हिंडून आला. आपण व्हीटीकडं बघतो ते मान वर करून, घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्यापर्यंत. त्या इमारतीची खरी मजा मात्र नजरेच्या उंचीवर आणि त्याच्या जरा वर आहे. खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या पानांत माकडं दडली आहेत, खारी आहेत, मोर आहेत. हे सगळं जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवलं. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. रोज लाखो माणसं त्या दोघांच्या मधून जातात आणि वर बघायला कुणाला सवड नसते. मलाही नसते. आठ सत्तावन्नची गाडी चुकली तर पुढची थेट कुर्ल्यापर्यंत उभ्यानं.

स्टेशनसमोरची महापालिकेची इमारत त्याचीच, १८९३ ची. आणि चर्चगेटसमोरचं बीबीसीआय रेल्वेचं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, तेही त्याचंच. मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेंची डोकी एकाच माणसाच्या घरात बसतात! चर्चगेटचं काम १८९९ मध्ये आटोपलं आणि ५ मार्च १९०० ला स्टीव्हन्स मलेरियानं गेला. वय बावन्न. मलेरिया डासांमुळं पसरतो याचा धागा त्याआधी अडीचच वर्षांपूर्वी रोनाल्ड रॉसला सिकंदराबादमध्ये सापडला होता. शोध लागून अडीच वर्षं झाली होती, पण मुंबईच्या डासांना त्याची वार्ता नव्हती.

दफनभूमीच्या फाटकातून आत गेल्यावर पहिल्या खेपेला मी अर्थातच चुकले. नाव घेऊन कबर शोधायला निघणं हा नवशिक्याचा मूर्खपणा. एका झाडाखाली एक माणूस कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकत बसला होता. साठीच्या आतबाहेरचा, कानात बाळी, बनियनवर गमछा. मी नाव सांगितलं.

"नाव सांगून उपयोग नाय, ताई. साल सांगा. नायतर नंबर."

साल सांगितलं. त्यानं दांडा खाली ठेवला. "एवढा जुना? मग तिकडं. पण हळू जावा, पाय खाली जातो."

पाय खरोखरच खाली जातो. जुन्या भागात माती भुसभुशीत झाली आहे, पालापाचोळ्याखाली दगडाची कड लागते आणि आपण कुणाच्या तरी उशाशी उभे आहोत हे घोट्याला कळतं. संगमरवरावरची जुनी अक्षरं दोन तऱ्हांची असतात. एक, सरळ कोरलेली. ती पावसानं झिजत झिजत बोटानंच वाचता येतील इतकी उरतात. दुसरी तऱ्हा शिशाची. दगडात अक्षराच्या आकाराची खाच पाडून, तिच्यात बारीक भोकं घेऊन वर शिसं ठोकून बसवलेलं असतं. कालांतरानं शिसं सुटतं, गळतं, किंवा कुणी काढून नेतं. मग नावाच्या जागी नुसती टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात, आणि ती जोडत जोडत नाव वाचावं लागतं, लहानपणी ठिपके जोडून हत्ती काढायचो तसं. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही. दगडाला घासून, आडवा धरायचा. मग प्रत्येक खाचेची सावली पडते आणि पुसलेलं नाव एकदम उठून दिसतं. टॉर्च जरा हलला की परत दगड.

अशा एका दगडावर मला एकदा फक्त वय वाचता आलं होतं. एक वर्ष चार महिने. वरचं नाव गेलेलं, खालच्या ओळी गेलेल्या. त्याच्या कडेला दगडी फुलं कोरलेली होती आणि त्यांतल्या एका पाकळीत पाणी साचून त्यात मुंगीएवढं काही तरी पोहत होतं. स्टीव्हन्ससारख्यांची चरित्रं सापडतात. या दीड वर्षाच्या मुलाचं किंवा मुलीचं काय सापडणार? बाप बहुधा रेल्वेत किंवा गोदीत असेल. आई रात्रभर पंखा घेऊन बसली असेल. मला त्या मुलापेक्षा त्या दगड कोरणाऱ्याचं कुतूहल वाटलं. इंग्रजीचा एक शब्द न कळणारा कुणी पाथरवट, समोर कागदावर लिहून दिलेल्या रेघा, आणि तरी वेलांटी-उकार चुकावा तशी एकही चूक नाही. भिंग लावून शोधली मी.

बरं, जॉर्ज विटेट. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉलचा, जन्म १८७८ चा. म्हणजे इकडं व्हीटीचं काम सुरू झालं त्या वर्षाचा. १९०४ मध्ये तो मुंबईत आला, सरकारी वास्तुविशारद जॉन बेग याचा साहाय्यक म्हणून. त्यानं काय काय बांधलं याची यादी करायला बसलं तर दक्षिण मुंबईतल्या निम्म्या बसस्टॉपची नावं येतील. म्युझियम, गेटवे ऑफ इंडिया, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, बॅलार्ड इस्टेट, टाटांचं बॉम्बे हाउस. पण स्टीव्हन्सच्या आणि त्याच्या दगडात फरक आहे. स्टीव्हन्सनं आपल्या गावाकडची गॉथिक शैली आणून तिच्यात आपली माकडं-मोर बसवली. विटेटनं विजापूरच्या गोलघुमटाकडं बघितलं, गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या कमानींकडं बघितलं, आणि इथलंच घेऊन इथं बांधलं. मला विचाराल तर मला व्हीटी आवडते, पण म्युझियमच्या घुमटाखाली उभं राहिल्यावर घरी आल्यासारखं वाटतं. ते मोजमापात कसं पकडायचं ते वास्तुविशारदांनी बघावं.

गेटवेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातली गंमत निसटते. पाचवा जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरला उतरला, त्याची आठवण म्हणून हा दरवाजा. राजा आला तेव्हा दरवाजा नव्हताच. पायाचा दगड बसला मार्च १९१३ मध्ये, विटेटचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, मग भराव घालण्यात वर्षं गेली, आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. राजा येऊन तेरा वर्षं झाली होती. पुढं २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. स्वागताचा दरवाजा खऱ्या अर्थानं कामी आला तो निरोपाला.

विटेट त्या कमानीखालून परत गेला नाही. १९१९ मध्ये त्यानं सरकारी नोकरी सोडली होती आणि टाटांकडं गेला होता. परळचं केईएम त्याच्याच आराखड्याचं. या इस्पितळाची आणि त्याला जोडलेल्या जी. एस. मेडिकल कॉलेजची जन्मकथा वाचण्यासारखी आहे. तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखलेल्या असत. म्हणून देणगीदारांनी अटच घातली की इथले डॉक्टर-प्राध्यापक हिंदी असतील. अशा हट्टाच्या इस्पितळाच्या भिंती स्कॉटलंडच्या माणसानं आखल्या. केईएम १९२६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी विटेट हगवणीनं गेला, अठ्ठेचाळीस पुरी व्हायच्या आत. केईएमवरून शिवडीकडं येणारा रस्ता आहे, चालत अर्धा तास लागत नाही. आपण बांधलेल्या इस्पितळापासून इतक्या जवळ पुरलेला वास्तुविशारद दुसरा कुणी असेल तर मला माहीत नाही.

या दोघांचे आजार बघा. एकाला डास, दुसऱ्याला पाणी. खुर्ची केवढीही असो, मुंबईनं दोघांनाही चाळीतल्या भाडेकरूसारखंच वागवलं.

त्या खेपेला मी परतताना कुदळवाल्या काकांजवळ थांबले. "सापडली का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "एक सापडली. आता एक आपल्यातली दाखवा. काका बॅप्टिस्टांची."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. कपाळाची टिकली, गळ्यातलं मंगळसूत्र.

"तुमचे काका काय?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. म्हणून हो म्हटलं.

जोसेफ बॅप्टिस्टांना सगळी मुंबई काकाच म्हणत असे, तेव्हा खोटं फारसं नव्हतं. १८६४ मध्ये माझगावात जन्म, घराणं मूळचं उत्तनचं, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलं मूळचं ख्रिस्ती. इंग्रजांचं राज्य यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या मातीत असलेली ही माणसं; घरात मराठी, देवळात लॅटिन. बॅप्टिस्टा पुण्याच्या कॉलेजात इंजिनिअर झाले, मग केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. टिळकांचे वकील आणि जिवाभावाचे मित्र. १९१० मध्ये सावरकरांवर खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलांत ते होते. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष टिळक नव्हते, बॅप्टिस्टा होते. पुढच्या वर्षी स्वराज्याचा मुद्दा मांडायला ते इंग्लंडला गेले. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी राहिली तिच्याही पायाभरणीत ते होते.

आणि १९२५ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले, आजच्या भाषेत महापौर. आता ही माणसं एका दिवसासाठी एकत्र मांडून बघा. बॅप्टिस्टा ज्या इमारतीत जाऊन बसत ती स्टीव्हन्सची. पालिकेचं जे नवं इस्पितळ परळला उभं राहत होतं ते विटेटचं. इंग्रज हटावचा वकील इंग्रजाच्या दालनात बसून स्कॉटिश माणसाच्या आराखड्यातल्या इस्पितळाच्या कामाची चौकशी करतोय. आणि तिघंही शेवटी एकाच फाटकातून आत आले.

टिळक १९२० मध्ये गेले तेव्हा त्यांना सोनापूरला नेलं नाही. खास परवानगी काढून गिरगावच्या चौपाटीवर अग्नी दिला, आणि आज तिथं त्यांचा पुतळा आहे. बॅप्टिस्टा सप्टेंबर १९३० मध्ये गेले आणि शिवडीला आले. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. डॉकयार्ड रोडला गाडी थांबली की ती टेकडी दिसते. दर वेळी बायका त्याच वेळी डबा उघडून भाजी निवडायला बसतात, त्यामुळं माझं तिकडं बघणं कुणाच्या लक्षात येत नाही.

कबरीपाशी काकांनी, म्हणजे कुदळवाल्या काकांनी, पायानं गवत बाजूला केलं. मग जरा थांबून वाकले आणि हातानं केलं. मला वाटतं ते माझ्यासाठी. पुतणी उभी होती ना समोर.

"नव्या लोकांना असं नाय मिळत आता," ते म्हणाले. मुंबईत जागा कुठं उरलीय. पुरल्यावर काही वर्षं गेली की कबर उघडतात, हाडं गोळा करून भिंतीतल्या खणात ठेवतात, खणावर नावाची पाटी, आणि जमीन पुढच्यासाठी मोकळी. खणांच्या त्या भिंती बघितल्या की मला टपाल कार्यालयातल्या पोस्टाच्या पेट्या आठवतात. इथंही मुंबईनं शेवटी चाळच बांधली. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मात्र हे सगळं वेगळं दिसतं. मृतांचा दिवस. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, कबरी धुवायला बादल्या घेऊन आलेली कुटुंबं. म्हाताऱ्या बायका दगड असा घासतात की जसं नातवाची पाठ. त्या दिवशी जुन्या भागात मात्र अंधारच असतो. तिथं कुणाचं कुणी नाही.

एका कोपऱ्यात इटालियन आहेत. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पकडलेले सैनिक जहाजं भरभरून हिंदुस्थानातल्या छावण्यांत आणून ठेवले होते. जे छावण्यांत वारले त्यांच्या अस्थी पुढं शिवडीत एकत्र आणून ठेवल्या. स्टीव्हन्स निदान नोकरी शोधत आला होता. यांना तर कुठं चाललोय हेही कुणी विचारलं नव्हतं.

शेवटचा माणूस नवा आहे, म्हणजे मी नोकरीला लागल्यानंतर गेलेला. डॉम मोराईस. १९३८ मध्ये मुंबईतच जन्मला. वडील फ्रँक मोराईस नामांकित संपादक. डॉम ऑक्सफर्डला गेला आणि विसाव्या वर्षी पहिल्याच कवितासंग्रहाला इंग्लंडातलं हॉथॉर्नडन पारितोषिक मिळवून बसला. तोवर ते कुणा हिंदी माणसाला मिळालं नव्हतं. इंग्रजीशिवाय त्याला इथली कुठलीच भाषा धड येत नव्हती. मराठी वाचकाला तो फारसा आपला वाटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटला नव्हता. मी त्याच्याकडं ओढली गेले ती त्याच्या मरणानंतरच्या एका गोष्टीमुळं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ऑडकम गावचा टॉमस कोरियट नावाचा एक चक्रम माणूस चालत चालत थेट हिंदुस्थानात आला, अजमेरपर्यंत पोचला, आणि १६१७ मध्ये सुरतेला मेला. त्याचं परत जायचं राहिलं. डॉमनं आयुष्याच्या शेवटी, कर्करोग झालेला असताना, एका सहलेखिकेबरोबर या कोरियटवर पुस्तक लिहिलं, त्याच्या वाटेनं फिरला. २ जून २००४ ला डॉम मुंबईत गेला आणि शिवडीला आला. पुढच्या वर्षी १९ जुलैला, त्याच्या वाढदिवशी, त्या सहलेखिकेनं शिवडीच्या कबरीवरची मूठभर माती ऑडकमला नेऊन पुरली.

म्हणजे ऑडकमचा माणूस इकडच्या मातीत, आणि इकडची माती ऑडकमला. शिवडीतून परत गेलेलं माझ्या माहितीतलं एवढंच. मूठभर.

गेल्या फेब्रुवारीत परत गेले होते. काका त्याच झाडाखाली, कुदळ नवी. मला बघून म्हणाले, "काय ताई, काकांकडं?" मी मान डोलावली. थर्मासमधला चहा दोघांनी झाकणात आळीपाळीनं घेतला. बोलता बोलता विचारलं, किती वर्षं झाली इथं.

"एकतीस. बाप पण इथंच होता."

"गाव?"

"कणकवलीकडं. घर आहे, कलमं आहेत, सगळं आहे. यंदाच्या गणपतीला कायमचा जाणार. हे काय आयुष्य आहे?" त्यांनी उरलेला चहा मातीत शिंपडला. "मागच्या गणपतीलाच जाणार होतो."

बाहेर कुणी तरी हाक मारली. नवी कबर खणायची होती, दुपारपर्यंत. काका उठले, कंबर सरळ केली, आणि नंबर विचारायला ऑफिसकडं गेले.